अरेथुसाच्या कोपरावरचा थेंब

पहिल्याच भेटीत काकूंनी अट घातली. "तोंडातून पाणी नको गं. तोंडातून पाणी टाकणारी बाई मला रोज बागेत बघवणार नाही."

मला त्या तिथेच आवडल्या. बागेतल्या कारंज्यासाठी मूर्ती करून द्या म्हणून येणाऱ्या दहापैकी नऊ लोकांना पाणी तोंडातूनच हवं असतं, नाहीतर खांद्यावरच्या घड्यातून. काकूंचा बंगला बडोद्यात अकोट्याच्या बाजूला, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. आयुष्यभर त्यांनी भूगर्भशास्त्र शिकवलं. काका गेल्यावर मागच्या अंगणातली जुनी सिमेंटची टाकी फोडून तिथे एक छोटं कुंड बांधायचं आणि त्यात ब्राँझची अरेथुसा उभी करायची, हे त्यांनी मनाशी पक्कं करूनच मला बोलावलं होतं. लक्ष्मी नाही, गंगा नाही, अरेथुसाच का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मुलांना शिकवलं की पाणी जमिनीखालून वाट काढतं. ही एकच बाई अशी आहे की जिची गोष्टच ती आहे."

गोष्ट थोडक्यात सांगते. अरेथुसा ही ग्रीसमधली एक वनदेवता, शिकारीची देवी आर्टेमिस हिच्या सोबतिणींपैकी. शिकारीहून दमून येताना एका स्वच्छ नदीत पोहायला उतरली. ती नदी म्हणजे अल्फिअस, आणि ग्रीकांकडे नद्या पुरुष असतात. तो तिच्यामागे लागला. ती पळाली, पळता पळता थकली, तेव्हा तिने आर्टेमिसचा धावा केला. देवीने तिला ढगात लपवलं, तरी तो तिथून हलेना. भीतीने तिला थंड घाम फुटला आणि त्या घामातच ती विरघळून पाणी झाली. अल्फिअसने पाणी ओळखलं आणि तिच्यात मिसळायला तोही माणसाचं रूप टाकून पुन्हा पाणी झाला. मग देवीने जमीन दुभंगली. अरेथुसा त्या भेगेतून समुद्राच्या तळाखालून गेली ती थेट सिसिलीत, सिराक्यूजच्या ऑर्टिजिया बेटावर झरा होऊन वर आली.

तो झरा आजही आहे. २०११ मध्ये भाचीबरोबर इटलीला गेले होते तेव्हा मी तो पाहिला. दगडी कठड्याच्या आत गोल कुंड, मधोमध पपायरसची दाट बेटं, पाण्यात बदकं आणि मासे. भिंतीपलीकडे लगेच खारा समुद्र. मी कठड्याला टेकून बराच वेळ उभी होते. इतक्या जवळ समुद्र असताना हे पाणी गोडं कसं राहतं, हा प्रश्न तिथे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला पडत असणार. मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि स्ट्रॅबोची गोष्ट सांगितली. ग्रीसमध्ये ऑलिंपियाला नदीत टाकलेला पेला सिराक्यूजच्या झऱ्यातून वर येतो, अशी त्या काळी लोकांची श्रद्धा होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या भूगोलकाराने ती मानली नाही. नदी समुद्राखालून जाणार असेल तर मुखाशी तिला गिळणारं एखादं विवर दिसायला हवं, आणि ते तर कुठेच नाही, असं त्याने लिहून ठेवलं. काकू म्हणाल्या, "बघ, माणूस किती नीट विचार करत होता." ते पाणी सिसिलीतल्याच चुनखडीच्या डोंगरांत मुरून येतं, हेही त्यांनीच सांगितलं.

आता माझ्या कामाचं. रोमन कवी ओव्हिडने ही गोष्ट अरेथुसाच्याच तोंडून सांगवली आहे. त्यातला पाणी होण्याचा क्षण मी कितीदा वाचला असेन. ती म्हणते, निळसर थेंब सगळ्या अंगावरून गळू लागले, जिथे पाऊल हलवलं तिथे तळं साचलं, आणि केसांतून दंव टपकू लागलं. अंग, पाऊल, केस. मूर्तिकाराला आणखी काय सांगायचं असतं? पाणी कुठून यायला हवं ते सगळं त्यात आलं. तोंडाचा उल्लेख नाही.

मी बडोद्याच्या विद्यापीठात, शिल्पकार शंखो चौधरींनी उभ्या केलेल्या शिल्प विभागात शिकले. ते तिथून गेल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण धातू स्वतः ओतून बघितल्याशिवाय धातूसाठी मूर्ती करायची नाही, ही शिस्त तिथे मुरलेली होती. शिकत असताना दर शनिवारी मी सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये जायची, अकोट्याचे ब्राँझ बघायला. १९५१ मध्ये अकोट्याला तो जैन मूर्तींचा साठा सापडला. त्यातली चामरधारिणी माझी सगळ्यात लाडकी. उभी कशी आहे पाहा: एका पायावर भार, कंबर किंचित बाजूला, आणि वस्त्र अंगाला असं चिकटलेलं की ते आहे हे फक्त कडेच्या रेघेवरून कळतं. बाराशे वर्षांपूर्वी बडोद्याच्या मातीत कुणीतरी हे मेणात केलं होतं. ओल्या कापडाचा अभ्यास मी ग्रीक मूर्तींच्या फोटोंवरून केला नाही, या चामरधारिणीवरून केला. अरेथुसेची कंबर तिचीच आहे. ग्रीक देवता अकोट्याच्या पायांवर उभी केली याचं मला कधी वावगं वाटलं नाही.

मूर्ती साडेचार फुटांची ठरली. उजवा पाय टेकलेला, डावा उचललेला, मान मागे वळलेली, डावा हात डोक्याकडे गेलेला आणि कोपर बाहेर. गुडघ्यापर्यंत ती बाई आहे. त्याच्या खाली अंग सपाट होत होत पसरतं आणि कुंडाच्या कडेला मिळतं.

इथपर्यंत मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पाण्याचं.

कारंज्यांची कामं घेणारा एक माणूस काकूंकडे आला होता. त्याने एक एचपीचा पंप, आठ नोझल आणि रंग बदलणारे दिवे असा कागद दिला. तो कागद काकूंनी परत केला. माझं म्हणणं असं होतं की पाणी दाबाने उडालं की माणसाला पंप दिसतो, मूर्ती दिसत नाही. आम्हाला पाझर हवा होता. म्हणून डोक्याच्या आत एक छोटं पोकळ भांडं ठेवायचं ठरवलं. उजव्या पायातून, कमरेतून, मानेतून तांब्याची अर्ध्या इंचाची नळी वर न्यायची, पाणी त्या भांड्यात भरू द्यायचं, आणि भरलं की केसांच्या बटांमधल्या बारीक छिद्रांतून आपोआप बाहेर येऊ द्यायचं. नळी तांब्याचीच, कारण ब्राँझच्या पोटात लोखंडाची नळी आणि त्यात पाणी, म्हणजे दोन धातूंमध्ये बॅटरीच चालू होते आणि लोखंड दोन-चार वर्षांत खाऊन जातं. जुनी कारंजी आतून फुटलेली मी पाहिली आहेत, बहुतेकांचं दुखणं हेच.

धातूवरून माझा आणि ओतारीकाकांचा वाद झाला. मकरपुऱ्याकडे त्यांची भट्टी आहे, माझं काम वीस वर्षं तिथेच होतं. पुतळ्यांसाठी ते ८५-५-५-५ वापरतात, म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५. शिशामुळे धातू छान वाहतो, छिन्नीखाली मऊ लागतो. पण या कुंडातलं पाणी बुलबुल आणि खारी पिणार होत्या, शिवाय काकूंना त्यात पावसाचं पाणी घालायचं होतं, आणि अशा मऊ, म्हणजे क्षार कमी असलेल्या पाण्यात शिसं जास्त उतरतं. मी ९० तांबं आणि १० कथिलावर अडून बसले. ते म्हणाले, "बेन, पाणीनो रस्तो पहेलां विचारवो पडे, धातुनो पछी." पाण्याची वाट आधी, धातू नंतर. धातूचं त्यांनी शेवटी माझं ऐकलं, आणि पाण्याच्या वाटेबद्दल मी त्यांचं ऐकायला हवं होतं ते तेव्हा ऐकलं नाही.

माझी चूक अशी. प्लॅस्टरच्या मूर्तीवरून रबराचा साचा काढला, त्यात मेण ओतून पाच-सहा मिलिमीटर जाडीची पोकळ मेणाची अरेथुसा तयार केली. मेणात असतानाच मी डोक्यात पाणी सोडून बघितलं. फार सुंदर दिसलं. थेंब थेंब वेगळे, बटांच्या टोकांवर मोत्यांसारखे. मी खूश होऊन तसंच ओतायला दिलं.

मेण तोलून धातू किती घ्यायचा ते ठरवायचं, ही रीत सोमेश्वर चालुक्याच्या 'मानसोल्लासा'त १२ व्या शतकात लिहून ठेवली आहे, आणि भट्टीवर आजही तराजूच काढतात. आमचं मेण ११ किलो भरलं, त्याच्या दसपट धातू. चार तुकडे करायचे ठरले: डोकं, धड, डावा हात, खालचा भाग. आत प्लॅस्टर आणि विटांच्या सुरखीचा गाभा, बाहेर तेच कवच, दोन दिवस मंद आंच. मेण वितळून खालून निघून जातं आणि त्याची जागा रिकामी राहते. मग मूस भट्टीतून उचलतात. ११०० अंशांच्या वरचा धातू ओतताना आवाज फार होत नाही, एक जड गुळगुळीत सरसर होते आणि रायझरच्या, म्हणजे साचा भरल्यावर धातू जिथून वर येतो त्या नळीच्या, तोंडाशी तो आलेला दिसला की सगळे एकदम श्वास सोडतात. डोक्याच्या वेळी धातू वर आला, पण फोडल्यावर दिसलं की आतला गाभा सरकला होता. एका बाजूला केस बोटभर जाड, दुसऱ्या बाजूला आरपार भोक. गाभा धरून ठेवणारे खिळे मी कमी दिले होते, कारण केसांत खिळ्यांचे डाग नको होते. डोकं पुन्हा ओतलं.

खरा धक्का नंतर बसला. तुकडे जोडले, कानस आणि छिन्नीने जोड मिटवले, रासायनिक रंग चढवला, आणि भट्टीच्या अंगणात पाइप लावून पाणी सोडलं. केसांतून पाणी आलं, मानेवर उतरलं, पाठीच्या कण्यावरून सरळ खाली गेलं आणि संपलं. पुढून सगळी कोरडी. जे थोडं पुढे आलं ते गालावरून हनुवटीखाली शिरलं आणि तिथून लाळेसारखं गळू लागलं. माझ्या अरेथुसेच्या तोंडातून पाणी! मी अंगणातल्या विटांवर बसले आणि रडले. ओतारीकाकांनी चहा मागवला आणि काही बोलले नाहीत.

कारण कळायला मला दोन दिवस लागले. मेण पाण्याला झिडकारतं, म्हणून मेणाच्या मूर्तीवर पाण्याचे मोती झाले होते. ब्राँझ रंगवलं, गंजाचा पातळ थर आला, की ते पाण्याला धरून ठेवतं, पसरवतं, आणि पाणी कडेवरून खाली पडायच्या ऐवजी कडेच्या खालून मागे वळतं. चहाच्या किटलीच्या तोटीखालून ओघळ येतो ना, तसंच. मेणावरची परीक्षा म्हणून खोटी होती.

आणि उपायही मेणातच सापडला. ब्राँझ उन्हापावसात टिकावं म्हणून आम्ही ते गरम करून त्यावर मेण चढवतोच, सगळ्या अंगावर सारखं. मी ते सगळं काढलं आणि पुन्हा चढवताना पाण्याची वाट सोडून चढवलं. जिथे पाणी जाऊ नये तिथे मेण, जिथे जावं तिथे उघडा धातू. पाठीवर मेणाचा जाड हात. खांद्यावरून दंडाकडे दोन बोटं रुंद उघडी पट्टी, तिथून कोपरापर्यंत. हनुवटीच्या खाली आणि कोपराच्या टोकाखाली एक बारीक खाच कोरली. छज्ज्याच्या खालच्या कडेला गवंडी खाच ठेवतो, पाणी भिंतीकडे परत येऊ नये म्हणून, अगदी तीच. खाचेपर्यंत आलं की पाण्याला पुढे सरकायला जागा उरत नाही, ते सुटतं.

पुन्हा पाइप लावला. पाणी केसांतून निघालं, मेणाच्या कडेशी थबकलं, वळलं, दंडावर पातळ काचेसारखं पसरलं. कोपराच्या टोकाशी एक थेंब फुगला. लोंबला. पडला. मग दुसरा. मी ब्राँझचं काम तीस वर्षं करते आहे, पण धातूच्या पृष्ठभागाकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाणी कसं बघेल तसं बघितलं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मूर्ती बसली. आधीच्या आठवड्यात बोअरच्या पाण्यावर चालवून बघितलं होतं, तर तेवढ्यात बटांवर चुन्याचा पांढरा थर धरायला लागला. म्हणून गच्चीवरचं पावसाचं पाणी जिथे साठतं त्या जमिनीखालच्या टाकीला पंप जोडला, लहानसा, माशांच्या टाकीला लावतात त्याहून थोडा मोठा. काकू संध्याकाळी वेताच्या खुर्चीत बसून कोपरावरून दोन थेंबांमध्ये किती वेळ जातो ते मोजायच्या. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उतरलं की अंतर वाढतं, असं त्या मला फोनवर सांगायच्या. पाच वर्षांत पाण्याच्या वाटेवर आपोआप हिरवा रंग चढत गेला, बाकी अंग तपकिरी. तो हिरवा मी दिला नाही. लक्ष्मी विलास पॅलेसमधलं इटालियन शिल्पकार फेलिचीचं ब्राँझ बघताना मला नेहमी वाटायचं की ते फार सांभाळलेलं आहे, छपराखालचं आहे. माझ्या मूर्तीला ऊन, पाऊस, शेवाळ, पक्ष्यांची घाण, सगळं मिळत होतं.

ऑगस्ट २०२४. गोकुळाष्टमीच्या रात्रीपासून बडोद्यात पाणी चढायला लागलं. आजवा धरण भरलं होतं, वर पाऊस थांबत नव्हता. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, ती ३५ च्या वर गेली. त्या दिवसांत ज्यांनी बडोदं पाहिलं त्यांना मी काय सांगू. गल्ल्यांमधून मगरी निघाल्या, दूध नाही, वीज नाही. माझं घर दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर, मी कोरडी होते आणि काकूंचा फोन लागत नव्हता. त्या ७८ वर्षांच्या, एकट्या, तळमजल्यावर झोपणाऱ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. शेजारच्या मुलांनी त्यांना रात्रीच वर नेलं होतं. आवाज थकलेला होता. म्हणाल्या, "अगं, अल्फिअस आला." मग जरा थांबून, "वरच्या खिडकीतून मला तिचं डोकं आणि कोपर तेवढं दिसतंय. बाकी सगळी पाण्यात आहे. मी बघत बसलेय."

पाणी उतरल्यावर मी गेले. अंगणात गुडघाभर चिखल, त्याला गटाराचा वास. पंप जळालेला. पावसाच्या पाण्याची टाकी काळ्या गाळाने भरलेली. मूर्ती जागची हलली नव्हती. चबुतऱ्यात घातलेले स्टेनलेसचे चार बोल्ट टिकले होते. छातीवर पाण्याच्या पातळीची आडवी रेघ उमटली होती.

मला भीती होती ती चिखलातल्या क्षारांची. क्लोराइड ब्राँझमध्ये शिरलं की दमट हवेत ते आतल्या आत आम्ल तयार करत राहतं, वरून फिकट हिरवी भुकटी दिसते, पुसली की परत येते. अंगणात खाट टाकून मी पाच दिवस तिला धुतलं. आधी नळाच्या पाण्याने गाळ, मग ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा, मऊ दातांच्या ब्रशने, बट न् बट. मानेच्या जोडाजवळ तीळाएवढे दोन ठिपके सापडले, फिकट, पावडरीसारखे. सुईने कोरून काढले, त्यावर बेंझोट्रायझोल हे गंज थोपवणारं रसायन लावलं, भिंगातून रोज बघत राहिले. तिसऱ्या आठवड्यापर्यंत काही वर आलं नाही तेव्हा मला नीट झोप लागली. काकू खिडकीतून विचारायच्या, "ताप उतरला का?"

टाकी माणसं लावून उपसली, घासली, आणि नव्या पावसाची वाट बघितली. कारंजं दहा महिने बंद होतं. यंदा आषाढात टाकी पुन्हा भरली, नवा पंप बसवला, मी मेणाचा डबा आणि धातू तापवायचा गॅसचा टॉर्च घेऊन गेले. जुन्या खुणांवर मेण चढवलं, वाट मोकळी सोडली, आणि बटण दाबलं.

पाणी केसांतून आलं, दंडावर पसरलं, कोपरावर थेंब फुगला. सगळं ठीक. मग माझ्या लक्षात आलं की डाव्या खांद्याशी एक बारीक ओघळ फुटून गळ्याच्या खळगीकडे चालला आहे. पुरानंतर तिथला पृष्ठभाग खरबरीत झाला होता, त्यावर मेण नीट धरलं नव्हतं. पाणी खळगीत साचत होतं, भरत होतं, आणि छातीवरच्या त्या आडव्या रेघेपर्यंत उतरून तिथे थांबत होतं, मग रेघेच्या कडेने सरकत जाऊन काखेपाशी गळत होतं. ही वाट मी काढलेली नव्हती. मी पंप बंद केला, पाणी सुकू दिलं, टॉर्च पेटवला आणि मेणाचा बोळा उचलला.

काकू खुर्चीतून उठल्या. काठी टेकत कुंडापर्यंत आल्या, ओल्या कडेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तिथे नको लावूस," त्या म्हणाल्या. "ती वाट राहू दे."

मी टॉर्च विझवला आणि पंप पुन्हा चालू केला.